विंडलसाहेबाचं तीन तासांचं भाषण

चोपड्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली पाच-सहा टेबलं मांडलेली असतात. त्यातलं वाकड्या पायाचं टेबल लोटन आबांचं. खरेदीखत, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, काय म्हणाल ते आबा लिहून देत. पण लोक त्यांच्याकडे दस्तासाठी कमी आणि गोष्टीसाठी जास्त यायचे. आबांनी सांगितलेल्या वाघाला पाच पाय असत, आणि ऐकणारा पाचवा पायही मोजून, समाधानानं घरी जाई.

त्यांच्या गोष्टींत सगळ्यांत जास्त चालणारी गोष्ट विंडल बॅरिस्टरची.

तिचं बी मोहरीएवढं होतं. नोकरीत असताना आबा धुळ्याच्या कोर्टात नक्कल कारकून. खानदेश हा सगळा एकच जिल्हा होता, तेव्हाची दप्तरं तिथं लाल फडक्यात बांधून ठेवलेली. एक दिवस कसलीशी नक्कल शोधताना वाळवीनं अर्धा खाल्लेला कागद हाताला लागला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. लंडनच्या पार्लमेंटातले सभासद, बॅरिस्टर हॉरेस विंडल, खानदेशातल्या जंगलबंदीबद्दल प्रश्न विचारणार आहेत, तरी माहिती तयार ठेवावी. बस. पुढचं सगळं वाळवीच्या पोटात.

वाळवीनं खाल्लं ते आबांनी भरून काढलं. पहिल्या वर्षी विंडलसाहेब नुसता उभा राहिला. दुसऱ्या वर्षी तो तासभर बोलला. आबा निवृत्त होऊन चोपड्याला आले तोवर भाषण तीन तासांवर गेलं होतं. साहेबाच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, हातात सातपुड्याचा नकाशा, आणि समोर चिडीचूप बसलेले सहाशे लॉर्ड. भाषण संपलं तेव्हा राणीनं पडद्याआडून डोळ्याला रुमाल लावला. शिवाय आबांचा एक नेम होता. ऐकणारा ज्या गावचा, त्या गावाचं नाव साहेबाच्या तोंडी जायचं. अडावदचा माणूस बसला असेल तर साहेब अडावदबद्दल कळवळायचा, लासूरचा असेल तर लासूरबद्दल. चारोळीपाण्याचा सुकलाल पावरा पहिल्यांदा टेबलाशी बसला, तेव्हा साहेब 'चारोळीपाणी' म्हणताना अडखळला, घोटभर पाणी प्याला, आणि पुन्हा नीट म्हणाला. सुकलालनं ते घोटभर पाणी जन्मभर लक्षात ठेवलं.

आता चारोळीपाणी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी साठ-सत्तर घरांचा पाडा. वरच्या पावसावरची शेती चार महिन्यांची, उरलेले आठ महिने मोह, चारोळी, टेंभुर्णीची पानं. म्हणजे पोट जंगलात आणि जंगल सरकारच्या नावावर. वनहक्काचा कायदा आला तसा गावानं सामूहिक दावा करायचा ठरवला आणि सुकलालला गावच्या समितीचा सचिव केलं, कारण सही करताना त्याचा हात कापत नसे. दाव्याला घाई होती. वनखात्याचं तारेचं कुंपण झऱ्यापर्यंत आलं होतं. दावा मंजूर झाला तर ते थांबणार, फेटाळला गेला तर मोहाचं फूल वेचायलासुद्धा बाईमाणसांना चोरासारखं जावं लागणार.

ज्येष्ठातल्या एका सकाळी सुकलाल चार माणसं घेऊन आबांच्या टेबलाशी आला. आबांनी अर्ज लिहायला घेतला. पुरावे निदान दोन हवेत. पहिला, जुन्या शिवेचे दगड. त्यांचा पंचनामा झालेला होता.

"दुसरा काय लिखू?" आबांनी विचारलं.

सुकलालला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आबा, त्या विंडलसाहेबनं भाषण लिखा ना. तेन्हापेक्षा मोठा पुरावा कोनता?"

आबांचं पेन थांबलं. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. 'अरे बाबा, ती गोष्ट शे, चहासंगे ऐकानी.' जीभ हललीसुद्धा. पण समोर पाचही जणांनी हात जोडले होते. तीस वर्षांत आबांच्या गोष्टीला लोक हसले होते, माना डोलावल्या होत्या, मांडीवर थापा मारल्या होत्या. हात कुणी जोडले नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेवढ्यानं चढते, मोहाची दारू लागत नाही. आबांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: पुरावा क्रमांक दोन, लंडन येथील पार्लमेंटात चारोळीपाणी गावाच्या हक्काबाबत बॅरिस्टर विंडल यांनी केलेले तीन तासांचे भाषण, प्रत यथावकाश सादर करण्यात येईल. खाली दस्तलेखक म्हणून आपली सही ठोकली.

मग तो 'यथावकाश' सुरू झाला.

"आबा, कागद वना का?" सुकलाल दर बाजाराला विचारी.

"निंघेल शे," आबा सांगत. पुढच्या बाजाराला, राणीच्या घरात सुतक आहे, टपाल बंद आहे. त्याच्या पुढच्याला, पार्लमेंटच्या दप्तरखान्याचं छप्पर काढलंय, कौलं बदलतायत. सुकलाल मान हलवून जाई. कौलं बदलायची म्हणजे वेळ लागणारच, हे त्याला घरचं माहीत होतं. इकडे आबांनी कुणालाही पत्र लिहिलं नव्हतं. लिहिणार कुणाला?

पोळा झाल्यावर एका दुपारी रुपली आली.

रुपली म्हणजे सुकलालची आत्या. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि ही आख्ख्या पाड्याची फुई. वय नव्वदीच्या अल्याड-पल्याड, कमरेत वाकलेली, पण नजर घारीची. जन्म चारोळीपाण्याचा, लग्न होऊन यावलकडच्या पाड्यावर दिलेली. दोन जीपगाड्या बदलून, काठी टेकत ती टेबलाशी आली आणि बाकावर न बसता खाली मातीत बसली.

"भाऊ, मन्ही गवाही लिखी ले."

"कसानी गवाही, फुई?"

"शिवना दगडसनी. ममता सांगे, दावामा ज्यानं नाव नई असा म्हतारा मानूसनी गवाही चालस. गाववाला बठ्ठा दावामा शेतस. मी नई. मी लगीन करीसन पल्याड गयी."

ममता म्हणजे सुकलालची मुलगी, जळगावला वकिली शिकणारी. तिनं कायदा वाचून सांगितलं ते बरोबर होतं, आणि आबांनाही ते ठाऊक होतं.

रुपली सांगत गेली. गावदिवाळीच्या आदल्या दिवशी तिचा बाप, गावाचा पुजारा, शीव फिरायचा. सात दगड. प्रत्येक दगडाला मोहाची धार आणि कोंबडीचं एक पीस. मागून डोक्यावर पाण्याचं मडकं घेऊन ही नऊ वर्षांची पोर. दगडांना नावं होती. पहिला डोकरा, कारण तो वाकलेला. मग दोन बहिणी, एकमेकींना टेकलेल्या. चौथा बहिरा, त्याच्या कानाशी दोनदा ओरडावं लागे. पंचनाम्यात पाचच दगड सापडले होते. उरलेले दोन कुठे, तेही तिनं सांगितलं. एक पाझर तलावाच्या पाण्याखाली, एक मोठ्या मोहाच्या खोडानं गिळलेला. "आंगठा लावस तठे कुऱ्हाड मारा, दगड वाजी."

आबा भान हरपून ऐकत राहिले. गोष्ट सांगणाऱ्याला दुसऱ्याची चांगली गोष्ट ऐकताना थोडा मत्सरही होतो, तसा त्यांना झाला. टेबलावर कोरे कागद होते, पेन होतं, शाईचा पॅड उघडाच होता. अर्ध्या तासाचं काम. पण तिचा जबाब जोडला, की लंडनचा कागद असताना हा कशाला, असं सुकलाल विचारणार. विचारलं म्हणजे लंडनचा कागद येणार नाही हे त्याला सांगायचं.

"फुई," आबा म्हणाले, "तोंडनी गवाही उडी जास. कागद बोलस. आपला कागद लंडनथीन येवाव शे."

"तो साहेब ते दगड देखी गयथा का?"

"तेले देखानी काय गरज? तो बॅरिस्टर व्हता."

रुपलीनं थोडा विचार केला. "आनि मी मरी गयी ते?"

"तू शंभर पुरा करशी," आबा म्हणाले, आणि स्वतःच हसले. तिला कटिंग चहा पाजला, हाताला धरून जीपमध्ये बसवून दिलं. जाताना ती म्हणाली, कागद आला की निरोप धाड, मला त्या साहेबाचं बोलणं ऐकायचंय. त्याला दगडांची नावं माहीत होती की नाही ते बघायचंय.

चैत्रात ममता एकटीच टेबलाशी आली. तिनं आबांना रामराम घातला नाही.

"आबा, तुम्ही लंडनला पत्र कुणाला लिहिलं होतं?"

"दप्तरखान्याला."

"दप्तरखान्याला पत्र लिहायची गरजच नाही. तिथली दोनशे वर्षांची भाषणं मोबाइलवर आहेत. प्रत्येक सभासदाचं वेगळं पान आहे. कुठल्या साली किती वेळा बोलला, कशावर बोलला, सगळं." तिनं मोबाइल पुढे धरला. "तुमचा विंडल खरंच होता. मला वाटलं होतं, तोसुद्धा नसेल."

आबांनी चष्मा पुसला. तेवीस वर्षं सभासद. एक हजार एकशे बारा वेळा बोललेला. ममता बोट फिरवत गेली आणि सालं खाली पळत गेली. कोर्टाच्या इमारतीत हवा खेळत नाही, यावर अकरा वेळा. वकिलांच्या पोशाखावर चार वेळा. शिंपल्यांच्या मोसमावर. कुत्र्यांच्या परवान्यावर, तेही दोन दिवस. माणूस बोलण्यात आबांचा बाप होता. एरवी आबांना आनंद झाला असता.

"आणि खानदेश?" त्यांनी विचारलं.

"एकदा."

चार ओळी होत्या. मिस्टर विंडल यांनी विचारलं की, मुंबई इलाख्यातल्या खानदेश जिल्ह्यात डोंगरी लोकांना जंगल बंद केल्याची तक्रार सरकारच्या कानावर आली आहे काय. उपमंत्र्यांनी सांगितलं की, अशी कोणतीही माहिती आपल्याकडे नाही. झालं. विंडलनं पुढे काही विचारलं नव्हतं. त्याच दिवशी, पाच मिनिटांनी, तो उठून कुत्र्यांच्या परवान्यावर बोलायला लागला होता, आणि ते भाषण मात्र खाली अंगठा ओढत ओढत संपत नव्हतं.

"पुढच्या वर्षांत बघ ना," आबा म्हणाले. "पुन्हा विचारलं असेल."

"एक हजार एकशे बारा ठिकाणी बघितलंय, आबा. तीन रात्री जागून. चारोळीपाण्याचं नाव नाही. सातपुड्याचंही नाही."

आबा उठले. टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. "चल, गाडी बोलाव. रुपलीकडे जाऊ. तिचा जबाब आत्ता लिहून घेतो, आजच. तिला सातही दगड ठाऊक आहेत."

ममता जागची हलली नाही.

"फुईआजी फाल्गुनात गेली," ती म्हणाली. "होळीच्या आधी. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

आबा उभेच राहिले. हातातले कागद कोरे होते, ते त्यांनी तसेच पुन्हा टेबलावर ठेवले आणि वर दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

वैशाखात जळगावला सुनावणी लागली. ड्रायव्हर हेमराजच्या जीपमध्ये पुढे आबा आणि ममता, मागे सुकलाल आणि गावातली सहा माणसं. सुकलालनं नवी टोपी घातली होती. त्याला ममतानं चार ओळींचं सांगितलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती. ते आबांना विचित्र वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

जिल्हा समितीच्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि वाईट नव्हत्या. त्यांनी आधी सगळ्यांना पाणी द्यायला लावलं. पंचनामा वाचला, पाच दगड मान्य केले. "एक पुरावा आहे. दुसरा?"

ममतानं चार ओळींची छापील प्रत दिली. बाईंनी ती वाचली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "यात गावाचं नाव नाही."

"नाही," ममता म्हणाली.

"मग दावेदार नसलेली कुणी वयस्क व्यक्ती आहे का? जिला शीव माहीत आहे?"

आबा उठले. त्यांनी सांगितलं. गावदिवाळी, पुजारा, मोहाची धार, कोंबडीचं पीस, मडकं घेतलेली नऊ वर्षांची मुलगी. डोकरा, दोन बहिणी, बहिरा. तलावाखालचा दगड, खोडानं गिळलेला दगड. एक अक्षर वाढवलं नाही. वाढवायची सवय बोटांत, ओठांत, भुवईत भिनलेली, ती त्यांनी दात आवळून धरली. आणि तरी गोष्ट इतकी सुंदर निघाली, की बाजूचे कारकून लिहायचे थांबून ऐकायला लागले. एक जण हसून दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चोपड्याचे ते लोटन आबा हेच. पाच पायांच्या वाघवाले."

बाईंनी ते ऐकलं. "तुम्ही हे स्वतः पाहिलंय?"

'हो' म्हणायचं होतं. एवढं एक अक्षर. खोट्याचे हारे भरून विकलेल्या माणसाला एक अक्षर जड नव्हतं. पण ते रुपलीचं होतं, आणि तिच्याकडून ते त्यांनी एकदा घेतलं नव्हतं. आता चोरून घ्यायचं?

"नाही," आबा म्हणाले. "जिनं पाहिलं तिनं मला सांगितलं. ती वारली."

"तिचा जबाब लिहून घेतला नाही?"

"नाही."

"का?"

आबांची नजर टेबलावरच्या फाइलकडे गेली. बाईंनी फाइल चाळली आणि अर्जाचं पान काढून त्यांच्यापुढे सरकवलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"चारोळीपाणी गावाच्या हक्काबाबत तीन तासांचं भाषण. आणि आज आणलीत ती प्रत चार ओळींची, बिननावाची. तीन तास कुठून आले?"

"असं ऐकिवात होतं," आबा म्हणाले. कुणाच्या ऐकिवात, आणि कुणाच्या तोंडून, ते बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"आबा, तुम्ही आत्ता सांगितलंत ते खरं असेल," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला तर खरं वाटलं. पण याच फाइलमध्ये तुमच्याच हातचं, तुमच्याच सहीचं एक खोटं आहे. उद्या कुणी विचारलं, की या माणसाचं एक का मानलं आणि एक का नाही, तर मी काय सांगू?"

दावा फेटाळला. कारण एका ओळीत मावलं: पुराव्याअभावी.

हेमराजनं जीप परतीच्या रस्त्याला लावली. दोन्हीकडे केळीचे बाग, पानांवर ऊन. आबा वाट बघत होते, की कुणीतरी शिवी देईल. म्हातारा आहे म्हणून तोंडावर नाही, निदान मागच्या सीटवरून खाली आवाजात. शेवटी सुकलालच पुढे वाकून बोलला.

"कापं तेस्नी."

"काय कापं?" हेमराजनं आरशात बघत विचारलं.

"भाषण. ज्या सरकारनं जंगल लिधं, तेच सरकारनं ते छापं. ते पुरं छापी का? चार ओळी ठेव्यात, बाकीनं कापी टाकं. आमनं गावनं नाव काढी टाकं. मले पह्यलेथीन माहीत व्हतं."

मागच्या सहा जणांनी हुंकार भरला. बरोबर आहे. असंच असणार. एक जण म्हणाला, साहेब पाणी प्याला होता ते तरी छापलंय का. दुसरा म्हणाला, तेच तर कापलं, तिथंच आपलं नाव होतं. बघता बघता मागची सीट जागी झाली. राणीच्या रुमालाची गोष्ट निघाली. एकानं साहेबाला घोड्यावर बसवलं, जे आबांनीही कधी केलं नव्हतं.

आबा वळले. "सुकलाल, आयक. ते भाषण झायंच नई. तीन तास मी बनाडात. गावनं नाव मी टाकं. तू बसेल व्हता म्हनीसन टाकं. दुसरा गावना मानूस राहता ते त्या गावनं टाकतू. रुपली मन्हाकडे वनी व्हती, मी तिले चहा पाजीसन परत धाडी दिधी. दावा मी मारा."

ममता समोर रस्त्याकडे बघत राहिली.

मग सुकलालनं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मोठा, खरबरीत, उबदार हात. "आबा, मनले लावी ल्हेऊ नका," तो म्हणाला. "आमनं दुःख कमी व्हावाले तुमी सोतावर घी ऱ्हायनात. आमले समजस. तुमीन इतलं मोठं खोटं बोलशात का?"

"बोलनू, बाप्पा. बोलनू."

"तुमी थकनात आते. जरा पडा." आणि मागे वळून त्यानं सगळ्यांना सांगितलं, की आबा भलते खचलेत, आता त्यांच्याशी त्या विषयावर कुणी बोलू नका. सगळ्यांनी मान डोलावली. हेमराजनं आबांच्या अंगावर ऊन येतं म्हणून काचेला टॉवेल लावला.

सुकलाल तिथंच, चालत्या गाडीत, पुढचं ठरवायला लागला. अपील करायचं. पण या वेळी सरकारनं छापलेल्या कागदावर विसंबायचं नाही. न कापलेलं भाषण लंडनला कुठंतरी असणारच. साहेबानं ते स्वतःच्या हातानं लिहिलं असेल, त्याच्या नातवंडांच्या घरी पेटीत असेल. त्यांना पत्र घालायचं. उत्तर यायला वर्ष लागो, दोन लागोत. गाव थांबेल.

"तोवर कुंपण?" ममतानं विचारलं.

"कुंपण काय, काढता येस," बाप म्हणाला. "एकदा ते भाषण हाती येऊ दे." मग तो पुन्हा पुढे वाकला, आबांना त्रास होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात. "आबा, घाई नई. पन सोमवारे मी टेबलवर येस. पत्र तुमीच लिखा. तुमना अक्षरवर गावना भरोसा शे."